मुलांना वाटून घ्यायला शिकवते. माझ्या फाइलींचं काय करू?

हिरडीची सावली (प्रश्न)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जुन्नरचा पश्चिम पट्टा, द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी. प्रश्न माझ्या फाइलींचा आहे, पण तो वर्गातून सुरू होतो म्हणून आधी तिथलं सांगते.

वर्गात आमचा रंगखडूंचा एकच डबा असतो, सगळ्यांचा. त्यावर कधी भांडण होत नाही. भांडण होतं ते ज्याच्या-त्याच्या वस्तूवर. जत्रेतून आणलेली सुगंधी खोडरबरं, मामाने दिलेली कंपासपेटी. 'दे की गं तिला' असं मोठ्यांनी म्हटलं की मूल देतं, पण तोंड पाडून देतं आणि दुसऱ्या दिवसापासून ती वस्तू घरीच ठेवून येतं. म्हणून मी जबरदस्तीने द्यायला लावत नाही. चौथीतल्या एका मुलीकडे चांगलं शार्पनर होतं. ते मागून नेलेली मुलं पेन्सिलीचं टोक आत मोडून परत करायची. तिने स्वतःच तोडगा काढला. 'शार्पनर देणार नाही, पण पेन्सिल आण, टोक मी करून देते.' महिनाभर मधल्या सुट्टीत तिच्यापुढे रांग असायची. कोणी तिला अप्पलपोटी म्हटलं नाही.

आता माझं. पहिली-दुसरीतून वर आलेली काही मुलं अजून अडखळत वाचतात. त्यांच्यासाठी मी छोटे वाचनपाठ तयार केले. आधी काना-मात्रा नसलेले शब्द, मग काना, मग वेलांटी, जोडाक्षरं अगदी शेवटी. शब्द आमच्याकडचे घेतले: हिरडा, आवणी, पडवी, खेकडे, करवंद. मुलाच्या तोंडात असलेला शब्द कागदावर आला की ते तो पटकन ओळखतं, हे मी रोज बघते. रात्री बसून केलेलं काम आहे. पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, ती तालुक्याबाहेर गेली, आनंद वाटला.

मग दोन गोष्टी घडल्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने फोन करून विचारलं, 'बाई, आमच्याकडे हिरडा नाही, मोह आहे, शब्द बदलले तर चालेल का?' त्यांनी सगळा संच नव्याने टाइप केला आणि खाली माझं नाव ठेवलं. त्याच सुमारास तोच संच मला एका ठिकाणी विकायला ठेवलेला दिसला. माझं नाव कापलेलं, पानभर दुसऱ्याच नावाचा शिक्का, खाली पैसे पाठवायचा नंबर. खेकड्याचं चित्रसुद्धा तेच.

घरचे म्हणतात, आता फाइलीला पासवर्ड लाव. शाळेतले सहकारी म्हणतात, दिलं ते दिलं, मागे वळून बघू नये. मला दोन्ही पटत नाही. द्यायचं तर आहेच, पण ते कसं द्यावं? तुमच्यापैकी कोणी काही करून सगळ्यांना खुलं दिलं असेल, तर काय नियम लावलात?

---

अक्षरजुळारी

बाई, मी पुण्यात डीटीपी करतो, अप्पा बळवंत चौकाच्या मागे. एक विचारतो, तुमचे पाठ कुठल्या फॉन्टमध्ये आहेत? तुमची पीडीएफ मी पाहिलेली नाही, पण शिक्षकांकडून येणाऱ्या बऱ्याच फाइलींत हल्ली मुक्ता असतो.

तो असेल तर ऐका. मुक्ता हा मुंबईच्या एक टाइप या गटाचा फॉन्ट. देवनागरीतलं एकेक जोडाक्षर, रफार, उकार हाताने बसवायचं काम असतं ते. किती रात्री जातात हे या धंद्यातल्या माणसाला कळतं. आणि तो त्यांनी ओपन फॉन्ट लायसन्सखाली सगळ्यांना मोकळा दिला. ते लायसन्स वाचण्यासारखं आहे. फॉन्ट वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, सॉफ्टवेअरबरोबर बांधून विकलात तरी चालेल. पण नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. मूळ करणाऱ्याची नोंद काढायची नाही. बदललेला फॉन्टही त्याच लायसन्सखाली द्यायचा. करणाऱ्याने एखादं नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव लावायचं नाही. त्यात टाइप केलेल्या तुमच्या मजकुरावर मात्र कसलंच बंधन नाही.

म्हणजे मोकळं देणं आणि अटी घालणं यांत भांडण नाही. तुमच्या शार्पनरवाल्या मुलीला ते आधीच कळलंय.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसती पीडीएफ देऊ नका, मूळ फाइलही द्या. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांचं एकच ठरलेलं कोष्टक, येण्याआधीचा काळ मी काढलाय. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टचं कोष्टक वेगळं. एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. लोक द्यायला तयार होते, पण दिलेलं दुसऱ्याला वाचताच येत नव्हतं. कितीतरी दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास त्या फाइलींत अडकून पडले. आजही माझ्याकडे गिऱ्हाईक सीडी घेऊन येतं आणि मी कन्व्हर्टर लावून हाताने ऱ्हस्व-दीर्घ नीट करत बसतो. तुमच्या त्या मोहवाल्या गुरुजींना सगळं पुन्हा टाइप करावं लागलं ना? विकणाऱ्याला पीडीएफ पुरते. तिचा त्रास होतो तो शब्द बदलू पाहणाऱ्या सज्जन माणसालाच. पासवर्डचंही तेच होईल.

---

सनद नावापुरती

वकिली करते, म्हणून कायद्याचं तेवढं बोलते.

ताई, तुमचा हक्क नोंदणीवाचूनही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलं की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. त्यातलं कलम ५७ तुमच्या खास कामाचं. कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी 'हे माझं' म्हणण्याचा लेखकाचा हक्क त्या कलमाने शिल्लक राहतो. नाव कापणाऱ्याला नोटीस त्याच आधारावर जाऊ शकते. ज्या जागी संच विकायला आहे तिथे लेखी तक्रार करा. आधी तारखांसकट स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचा मूळ मेसेज जपून ठेवा.

आता देण्याबद्दल. आपलं काम इतरांनी कुठल्या अटींवर वापरावं हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने २००२ पासून आहेत, त्यांचे मुख्य प्रकार सहा. तुम्हाला दोन बघायला हवेत. एक बाय-एसए: नाव द्या, काहीही करा, पण बदललेलं काम याच अटीवर पुढे द्या. मराठी विकिपीडियावरचा मजकूर याच परवान्याखाली असतो, एनसीईआरटीचं एनआरओईआर हे खुल्या शैक्षणिक साहित्याचं भांडारही यावरच उभं केलं. दुसरा बाय-एनसी-एसए, त्यात व्यापारी वापराला मनाई येते.

रागाच्या भरात माणूस दुसरा निवडतो. जरा थांबून विचार करा. तुमच्या तालुक्याच्या गावचा झेरॉक्सवाला पन्नास संच काढून पानामागे पैसे घेतो. तो व्यापारी झाला का? एखाद्या संस्थेने छपाईखर्च काढण्यापुरती किंमत लावली तर? याच्या सीमारेषेवर जगभर वाद आहेत, आणि घाबरून मागे सरतो तो प्रामाणिक माणूस. बाय-एसएमध्ये कोणी विकला तरी त्याला तुमचं नाव ठेवावं लागतं, परवान्याचा दुवा द्यावा लागतो, आणि विकत घेणाऱ्यालाही तो पुढे फुकट वाटता येतो. फुकट मिळणारी गोष्ट कोण किती दिवस विकत घेईल?

तीन सावधगिऱ्या. एकदा दिलेला असा परवाना मागे घेता येत नाही. दुसरं, खेकड्याचं चित्र कुणाचं आहे? नेटवरून उचललेलं असेल तर ते तुमचं नाही, परवाना फक्त स्वतःच्या कामाला लावता येतो. वर्गात शिकवताना वापरायला कलम ५२ मोकळीक देतं. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय याच कलमावर विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहिलं. कॉपीराइट हा काही नैसर्गिक, दैवी हक्क नाही, असंही त्या निकालात आहे. मूळ निकाल प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावा इतका चांगला आहे. पण वर्गात वापरणं वेगळं आणि जगाला परवाना देणं वेगळं. तिसरं, तुम्ही सरकारी नोकरीत आहात. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा ठरू शकतो, कलम १७. घरी, स्वतःहून केलेलं असलं तरी केंद्रप्रमुखांच्या कानावर लेखी घाला, पुढे कटकट नको.

---

वालपापडी

मी तुमच्या डोंगराच्या पलीकडची, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या. २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. वाल-घेवड्याचे, भाताचे किती वाण त्यांनी घरातल्या मडक्यांतून, राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून टिकवले.

आमच्याकडे बियाणं देण्याची रीत अशी की नेलं त्याच्या दुप्पट पीक आल्यावर परत आणायचं. पैसे नाही मागायचे. मी लहान असताना आजीला वाटायचं तसं मलाही वाटायचं, की दुप्पट म्हणजे व्याजच झालं. मोठेपणी शेतात उतरल्यावर उलगडलं. एका वर्षी परतीच्या पावसाने आमचा वाल शेंगेतच कुजला, घरात पेरायला मूठभर राहिला नाही. तो वाण परत मिळाला मावशीच्या गावातून, तिथे आमच्याकडचंच बी गेलं होतं. ज्यांनी आपलं बी कुणाला दिलं नव्हतं त्यांचा वाण त्या साली कायमचा गेला. म्हणून बी देणाऱ्याच्या घरी कमी होत नाही. ते दुसऱ्याच्या शेतात राखण होऊन राहतं.

वकीलताईंनी कायदा काढलाच आहे तर आमचाही सांगते. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यातलं कलम ३९ म्हणतं की शेतकऱ्याने आपलं बियाणं राखावं, पेरावं, बदलावं, वाटावं, विकावंसुद्धा. अडवणूक एकच, संरक्षित वाणाचं बी छापील पिशवीत, ब्रँड लावून विकायचं नाही. म्हणजे शेजाऱ्याला द्या, बाजारात नेऊन विका, फक्त दुसऱ्याच्या मेहनतीवर आपला शिक्का मारू नका. तुमच्या बाबतीत बिघडलंय ते नेमकं इथेच.

तुमच्या संचाला आमची रीत लावा. ज्याने नेला त्याने आपल्या भागातले दहा शब्द वाढवून परत पाठवावा.

---

तळ्यात मळ्यात

माझं मत थोडं वेगळं. परवाने-बिरवाने चांगले, पण ग्रुपवर फॉरवर्ड करणारा माणूस तळटीप वाचत नाही. तळाशी असलेली ओळ कापणं सगळ्यात सोपं. नाव मजकुरातच असू द्या. शाळेचं, गावाचं नाव पाठातल्या एखाद्या वाक्यात येऊ द्या, प्रत्येक पाचव्या-सहाव्या पाठात. कापायचं म्हटलं तर पाठच मोडेल.

आणि पासवर्ड खरंच नको. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरात तीन मुलं आणि एकच मोबाइल होता. ज्या शिक्षकांच्या फाइली उघडायला ओटीपी, लॉगिन लागायचं, त्यांचा अभ्यास धाकट्याच्या वाट्याला आलाच नाही, कारण फोन त्याच्या हातात येईपर्यंत रात्र झालेली असायची आणि रेंज गेलेली. ज्यांनी साधं पान पाठवलं ते मी झेरॉक्स काढून भिंतीला लावलं आणि तिघांनी वाचलं.

---

हिरडीची सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस केंद्राच्या कामात होते, म्हणून उशीर.

अक्षरजुळारी दादा, हो, मुक्ताच आहे. तो कोणी केला हे मी कधी बघितलं नव्हतं. आता मलपृष्ठावर फॉन्ट करणाऱ्यांचं नाव घालते.

परवाना बाय-एसए घेणार. एनसीचा मोह होता, पण आमचा झेरॉक्सवाला खरोखर पानामागे रुपया घेतो आणि त्याच्यामुळेच पाड्यावरच्या शाळांत कागद पोचतो, त्याला अडवायचं नाही. मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही देणार. केंद्रप्रमुखांना पत्र दिलं. विकणाऱ्या ठिकाणी तक्रार केली आहे, पैसे मागितले नाहीत, माझं नाव परत लावा आणि परवाना लिहा एवढंच. तळ्यात मळ्यात, तुमचीही युक्ती घेतली. सातव्या पाठात आमचा ओढा आणि शाळा नावानिशी आली.

चित्रांचा मुद्दा बरोबर होता. खेकडा आणि आणखी काही चित्रं बाहेरची आहेत. ती सगळी काढली, आता वर्गातली मुलं काढताहेत. खेकड्याला कोणी सहा पाय काढतं, कोणी बारा, त्यावर परिसर अभ्यासाचा एक तास छान गेला. पण यातून नवा प्रश्न उभा राहिला. वकीलताई, ही चित्रं मुलांची, म्हणजे हक्कही त्यांचा. पालकसभेत लेखी संमती घेईन, पण चित्राखाली मुलाचं पूर्ण नाव छापावं का? मला फक्त पहिलं नाव आणि इयत्ता बरी वाटते. सभा शनिवारी आहे, त्याआधी कळवाल का?

वालपापडीताई, दहा शब्दांची अट पहिल्या पानावर घातली. सक्तीची नाही, विनंती म्हणून, कारण परवान्यात वरून जादा अट घालता येत नाही असं वाचलं. पहिले दहा तुमच्याकडून येऊ द्यात. काना असलेले आणि जोडाक्षर नसलेले शब्द कमी पडताहेत, तेवढे आधी पाठवा.