चोरी भाडेकरूकडे, मग मालकाचा संबंध काय?

दुसरामजला: काल इथे एकाने लिहिलं, "घर भाड्याने दिलंय, पहारा नाही. चोरी झाली तर भाडेकरूने आपलं बघावं." वाचून डोकं फिरलं. आमच्या जिन्याच्या दाराचं कुलूप मोडलेलं होतं. मालकाला लेखी कळवलं. उत्तर आलं, "बघतो." चोर त्याच दाराने वर आला. माझ्या दाराला कुलूप होतं, पण चौकट कुजलेली, बोटाच्या पेराएवढे स्क्रू. कोयंडा लाकडासकट उखडला. चौकट मी बदलायची? जिला साधा खिळा ठोकायलाही परवानगी लागते?

मालकपक्ष: ते मीच लिहिलं होतं, आणि अजूनही तेच म्हणतो. चोर मी पाठवला नव्हता. इमारतीचा विमा मी काढतो, त्यात तुमचा लॅपटॉप येत नाही. सामानाचा विमा तुम्ही का काढत नाही?

किल्लीवाला: विम्याचं सांगूच नका! चोरीच्या बऱ्याच पॉलिसींत जबरदस्तीने घुसल्याची खूण लागते. आमच्याकडे दार शाबूत, कुलूप शाबूत, कपाट रिकामं. आधीच्या भाडेकरूकडची किल्ली मालकाने परत घेतलीच नव्हती. दावा फेटाळला. माणूस बदलला की सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे घालतो तो कुलपातला भाग, बदला ना! अख्खं कुलूपही काढावं लागत नाही, दाराच्या कडेचा एक स्क्रू सोडवला की झालं.

मालकपक्ष: भाडेकरू स्वतःच कुलूप बदलतात आणि मला किल्ली देत नाहीत, त्याचं काय? पाइप फुटला, खालच्या घरात पाणी गळतंय आणि मी माझ्याच दाराबाहेर उभा!

किल्लीवाला: का द्यावी? आमचा मालक आम्ही नसताना आत शिरून कपाटं उघडायचा.

मालकपक्ष: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. तोंड सांभाळा.

निकालवाचक: किल्ल्या बाजूला ठेवा. अमेरिकेत वॉशिंग्टनचा १९७० चा क्लाइन खटला बघा. क्लाइन ही भाडेकरू १९५९ मध्ये राहायला आली तेव्हा मुख्य दारावर चोवीस तास माणूस असायचा. पुढे तो काढला. इमारतीत गुन्हे वाढताहेत हे मालकाला माहीत होतं. तिच्यावर सामायिक मार्गिकेत हल्ला झाला आणि कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं. धोका ठाऊक होता आणि ती जागा त्याच्याच ताब्यात होती.

मालकपक्ष: तो हल्ला होता, चोरी नाही. उद्या कुणीही म्हणेल कपाटात अमुक होतं. मी कसं तपासायचं?

दुसरामजला: हे मान्य. पावती नसलेल्या वस्तूचे पैसे मीही मागत नाही. पोलिसांना दिलेल्या यादीतल्या, बिलं असलेल्या वस्तूंचंच बोलतोय.

मालकपक्ष: लेखी कळवूनही जिन्याचं दार तसंच ठेवलं असेल तर ते दार आणि चौकट मालकाने करून द्यावी. एवढंच. लॅपटॉप नाही.

दुसरामजला: दार चोरीआधी हवं होतं. आता केलेलं दार पुढच्या भाडेकरूच्या उपयोगाचं. माझ्या नुकसानीतला वाटा मी मागणार, आणि "बघतो" हे लेखी उत्तर सोबत जोडणार.