गेममधल्या मरणाला मरण म्हणायचं का?

शाईचा डाग
व्हिडिओ गेम मृत्यूबद्दल फार खोल बोलतात, असं हल्ली सारखं वाचायला मिळतं. मला पटत नाही. चित्रकार होल्बाइनचं १५३३ सालचं 'द अँबॅसेडर्स' हे चित्र बघा. दोन तालेवार पुरुष, मधल्या फडताळावर खगोलशास्त्राची उपकरणं, म्हणजे तेव्हाचं अद्ययावत तंत्रज्ञान, आणि पायाशी एक लांबट तिरपा डाग. समोरून काही कळत नाही. चित्राच्या कडेला जाऊन बघितलं की त्या डागाची कवटी होते, आणि तिथून ते दोघे धड दिसत नाहीत. गेममध्ये काय होतं? मेलात, बटण दाबलंत, पुन्हा उभे. आर्केड मशीनवर मोजून दोन-तीन लाइफ मिळायच्या त्या पुढचं नाणं टाकायला लावण्यासाठी. गल्ल्याच्या हिशोबाला तत्त्वज्ञान चिकटवू नका.

लेव्हलचोर
शाईताई, गल्ल्याचं मान्य. पण १९८० च्या 'रोग' (Rogue) या गेममध्येच मेलात की सगळं संपलं, नवा डाव, नवा नकाशा, असा नियम होता. 'डार्क सोल्स'मध्ये (२०११) तर परत उठता येणं हाच शाप आहे. जग विझत चाललंय, आणि पुन्हा पुन्हा उठणारी माणसं हळूहळू भान हरवून 'हॉलो', म्हणजे पोकळ, होतात. शेवटी तुम्ही ठरवायचं, स्वतःला जाळून आग चालू ठेवायची की विझू द्यायची.
आणि २०१० चा 'निअर'! एका पात्राला वाचवायचं तर तुमचा सगळा सेव्ह डेटा, म्हणजे आजवरच्या खेळाची साठवलेली नोंद, पुसायला द्यावा लागतो. तो खरोखर पुसला जातो. चित्र तुमच्याकडून असं काय काढून घेतं?

शाईचा डाग
डेटा गेला म्हणजे मेहनत गेली. माणूस जाणं वेगळं.

गाळीव
मग 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (२०१६) खेळा. कॅन्सर झालेल्या आपल्या लहान मुलावर आईवडिलांनीच हा गेम करायला घेतला, आणि तो पूर्ण व्हायच्या आधी, २०१४ मध्ये, मूल गेलं. एका प्रसंगात बाप हॉस्पिटलच्या खोलीत आहे आणि बाळ रडतंय. तुम्ही हे करून बघता, ते करून बघता, रडणं थांबत नाही. गेमरच्या हाताला सवय असते की काहीतरी दाबलं की काहीतरी सुटतं. तिथे ती सवयच उघडी पडते. मला तो प्रसंग एका बैठकीत पुरा करता आला नाही.

तिरकस
खेळून काहीच बदलत नसेल तर त्याला गेम का म्हणायचं? सिनेमा करायचा ना.

जुनी फीत
तुम्ही सगळे पडद्याच्या आतलं मरण बघताय. पडद्याचं काय? व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांचा १००३ टीव्ही संचांचा मनोरा १९८८ पासून दक्षिण कोरियात ग्वाचॉनच्या संग्रहालयात उभा आहे. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूब एकेक करून जायला लागल्या, तशा ट्यूब आता कुणी बनवत नाही, आणि २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला. २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण काही संचांच्या जागी एलसीडी बसवून. मग ती तीच कलाकृती का? डेमियन हर्स्ट या कलाकाराने १९९१ मध्ये फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला शार्कही सडला आणि २००६ मध्ये नवा आणून ठेवला. मृत्यूवरच्या कलाकृतीत मेलेला मासाच बदलावा लागला, यावर आणखी काय बोलायचं!
गेमची गत त्याहून वाईट. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो एकट्यानेसुद्धा खेळता येईना.

तिरकस
इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. ट्यूब आपोआप जाते. सर्व्हर कुणीतरी खर्च नको म्हणून बंद करतं. त्याला क्षय म्हटलं की बंद करणारा अलगद सुटतो.

जुनी फीत
हे बरोबर आहे. पण त्यावर उपाय म्हणजे एमुलेटर, जुने गेम नव्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि तो आला की लेव्हलचोर यांचा 'निअर' आडवा होतो. फाइलची आधी कॉपी करून ठेवली तर त्या त्यागाला अर्थ काय?

लेव्हलचोर
कॉपीवर २०१५ च्या 'सोमा' या गेमने आधीच उत्तर दिलंय. (शेवट फुटतोय, खेळायचा असेल तर पुढे वाचू नका.) मन स्कॅन करून नव्या शरीरात टाकायचं, की सुटलो. आधी गेम तुम्हाला नव्या शरीरात नेतो आणि खुर्चीत मागे राहिलेल्या जुन्या तुम्हालाच बंद करायचं का, ते तुमच्यावर सोपवतो. अगदी शेवटच्या कॉपीच्या वेळी मात्र कॅमेरा हलत नाही. कॉपी सुखरूप निघून जाते, आणि तुम्ही समुद्राच्या तळाशी राहिलेले असता.

शाईचा डाग
हा शेवट ताकदीचा आहे, नाकारत नाही. पण ही झाली कथा. कादंबरीतही बसली असती.

लेव्हलचोर
नाही बसली असती. खुर्चीतल्याचं काय करायचं ते कादंबरीत लेखक ठरवतो. मी त्याला बंद केलं होतं, आणि का केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.