तेर्स म्हणतानाही मन थाऱ्यावर राहत नाही

नगरची माहेरवाशीण, मडगाव
माझे माहेर नगरचे, मराठी प्रोटेस्टंट. तेथे वडील रात्रीच्या जेवणानंतर सुचेल त्या शब्दांत प्रार्थना करीत. लग्नानंतर मडगावच्या कॅथलिक घरात आल्यापासून मी रोज संध्याकाळी सासूबाईंबरोबर कोकणीतून तेर्स, म्हणजे मण्यांच्या माळेवरची रोझारीची प्रार्थना, म्हणते. सध्या यजमान जहाजावर आहेत आणि कधीकधी आठ-आठ दिवस फोन येत नाही. अशा वेळी ओठांवर प्रार्थना असते, पण मन समुद्रावर भरकटते. विश्वासाने मागावे असे म्हणतात. तो ठामपणाच नसेल, तर माझी प्रार्थना पोकळ समजावी काय?

निवृत्त शिक्षक, म्हापसा
पोकळ मुळीच नव्हे. तेर्स म्हणजे तिसरा भाग. पूर्ण रोझारीत पूर्वी १५ रहस्ये, म्हणजे येशू आणि मरिया यांच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, असत आणि एका वेळी ५ म्हटली जात. (२००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची ५ रहस्ये सुचविल्यापासून हिशेबाने तो चौथा भाग झाला, पण नाव काही कोणी बदलले नाही.) पन्नास वेळा ‘नमान मारिये’ ही मरियेला वंदन करणारी प्रार्थना म्हणताना प्रत्येक शब्दावर लक्ष खिळवायचे नसते, शब्द आपल्या लयीत चालू राहतात आणि मन रहस्याकडे वळते, निसटले की पुन्हा वळवायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये येतात, त्यांतले पहिले गेथशेमाने बागेतले आहे. तेथे प्रत्यक्ष येशू व्याकूळ होऊन, हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो आणि शुभवर्तमानकार मत्तय सांगतो की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. तेव्हा व्याकूळ मनाने तेच ते शब्द म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

वास्कोचा वाचक
मी तेर्स म्हणत नाही, परंतु वरील उत्तर पटले. ठामपणाविषयी थोडे सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (५:१४) ज्या भरवशाचा उल्लेख आहे, तो देवाच्या इच्छेप्रमाणे मागितले असता तो आपले ऐकतो याचा आहे. उत्तर आपल्या मनासारखे येईलच याचा नव्हे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याच पौलाने बंदिवासातून फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले की आपल्या मागण्या आभारासह देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील. ‘राखील’साठीचे मूळ ग्रीक क्रियापद पहाऱ्यावरच्या शिपायांचे आहे. काळजी दाराशी येणारच नाही असे तो म्हणत नाही, दारावर पहारा असेल एवढेच म्हणतो. शिवाय स्तोत्र १३ वाचावे: पहिल्या दोन वचनांतच चार वेळा ‘किती काळ’ असा जाब देवाला विचारला आहे, आणि तीही प्रार्थनाच आहे.

फोंड्याहून
अडचण कदाचित भाषेचीही असेल. ज्या भाषेत भीती वाटते, त्या भाषेत थोडे मागून पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातच ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली ती रायतूर येथे छापली गेली. तेर्स संपल्यावर दोन वाक्ये मराठीतून बोलण्यास सासूबाईंची हरकत असू नये.

नगरची माहेरवाशीण, मडगाव
सर्वांचे आभार. काल सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, सासरे जहाजावर असत तेव्हा आपलेही लक्ष लागत नसे, म्हणून त्या मणी जरा घट्ट धरीत. आज शुक्रवार आहे. पहिले रहस्य मी सांगणार आहे, मराठीतून.