हॉर्न वाजवणारा 'अधीर' की 'उतावळा'?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या कमिटीने गेटवर नवी पाटी लावली आहे : 'अधीर वाहनचालकांनी गेट उघडेपर्यंत हॉर्न वाजवू नये.' माझ्या मते शब्द साफ चुकला. अधीर होतो तो ज्याला कशाची तरी ओढ लागलीय. बारावीच्या निकालाची वाट बघणारी पोर अधीर, नातवाला बघायला निघालेली आजी अधीर. वॉचमन धावत येत असताना हॉर्नवर हात ठेवून बसतो तो उतावळा. गुडघ्याला बाशिंग उतावळ्या नवऱ्याच्याच असतं. (आणि अधीरांनी वाजवू नये म्हणजे बाकीच्यांनी वाजवावा का, हे वेगळंच.)

ऐरोलीची सून
म्हण तुमच्यावरच उलटतेय की. त्या नवऱ्याला लग्नाची ओढच आहे ना? ओढीसाठी मराठीत 'आतुर' आहे. अधीर म्हणजे ज्याला धीर नाही तो, बस. पाटी बरोबर आहे.

घोडबंदरकर
इतकं सोपं नाही हो. धीर म्हणजे नुसतं थांबणं नव्हे. कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण धीर देतो, तिथे सांत्वन. तलावात उडी मारायला पोराला धीर होत नाही, तिथे हिंमत. 'जरा धीर धर' म्हणतो तेव्हा कुठे थांबण्याचा अर्थ येतो. पण उडीला घाबरणाऱ्या पोराला कुणी अधीर म्हणतं का? नुसती फोड करून शब्दाचा अर्थ हाती लागत नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर ओढ आहे, मान्य. पण तो बाशिंग बांधून मोकळा झाला! अधीर माणूस आतल्या आत तळमळतो, उतावळा हात चालवतो. हॉर्न हाताने वाजतो.

पाचपाखाडी
संस्कृत साहित्यशास्त्र वेगळं सांगतं. नायक दुसरीकडे रमून परत आला की 'धीरा' नायिका टोमणे मारते आणि 'अधीरा' तोंडावर कठोर बोलते. 'धीराधीरा' रडते आणि टोमणेही मारते. म्हणजे आतल्या आत तळमळण्याचा अधीरेशी काही संबंध नाही, ती सरळ फटकारते. कमिटीत कुणीतरी जाणकार दिसतंय.

घोडबंदरकर
मग 'आततायी'ही संस्कृतातूनच घ्या. तिथे सहा आततायी सांगितलेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, आणि धन, जमीन, बायको पळवणारे तिघे. आपण मात्र साहेबाशी भांडून राजीनामा फेकणाऱ्याला म्हणतो, 'आततायीपणा करू नकोस.' तत्सम शब्द मराठीत आला की इथलं वळण घेतो. अधीरनेही घेतलंय.

तुर्भे लोकल
तुम्ही सगळे गाडीवाले दिसता. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर या. २००४ला नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली तेव्हापासून बघतोय, उतरणारे उतरायच्या आधी चढणारे आत. त्यांना कुणी अधीर म्हणत नाही, उतावळेही नाही. ते घाईत असतात. पुढची गाडी पकडली तर लेटमार्क पक्का. उतावळेपणा अंगचा असतो, घाई बाहेरून लादली जाते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात अडकून दमून आलेला माणूस स्वतःच्याच गेटवर हॉर्न वाजवतो तेव्हा त्याला लगेच स्वभावाचं लेबल कशाला?

ऐरोलीची सून
हे पटलं. घाटातली पाटीसुद्धा 'अति घाई संकटात नेई' एवढंच म्हणते, कुणाला उतावळा म्हणत नाही. सोसायटीच्या पाटीतून विशेषणच काढून टाका : 'गेट उघडेपर्यंत हॉर्न वाजवू नये.' वाद मिटला.

पाचपाखाडी
अजिबात मिटला नाही. नुसता 'वाजवू नये' कोण ऐकतो? कुणाला तरी टोचलं पाहिजे. 'अधीर' वाचून माणूस म्हणेल, चला, निदान सभ्य शब्द वापरलाय. 'उतावळा' वाचला तर भांडायला ऑफिसात येईल.

घोडबंदरकर
म्हणजे उतावळाच टोचतो हे तुम्हीच कबूल केलंत! सेक्रेटरींना विचारून आलो. त्यांना दोन्ही शब्द एकच वाटतात, आणि पाटीचे पैसे देऊन झालेत.