८६ च्या मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट: कोणते पाने लागतील?

बाबांची गाडी, ७९६ सीसीचं जुनं इंजिन. टायमिंग बेल्टला (इंजिनच्या मुख्य दांड्यावरून, म्हणजे क्रँकवरून, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम फिरवणारा पट्टा) भेगा दिसतायत. घरी १०, १२, १४ चे रिंग पाने आहेत. तेवढ्यावर भागेल का? क्रँक पुली अडवायला खास टूल घ्यावं का?

— खास टूल नको. गोटी (सॉकेट) पान्यांचा सेट आणि लांब दांडा मात्र हवाच, १७ चा धरून. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, कुणाला तरी पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगा, क्रँक हलत नाही. माझ्या मेहुण्याने पुलीत स्क्रू-ड्रायव्हर अडकवला होता. तुकडा अजून सापडलेला नाही!

— टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) मागून आणा, पण आणा. आणि पांढऱ्या रंगाची बाटली: जुना बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅम, दोन्ही पुल्यांच्या खुणा रंगवा. नवा चढवला की टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचा) बोल्ट ढिलाच ठेवून, गिअर काढून, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा. कॅम तेवढ्यात एकच फेरी घेतो. खुणा जुळल्या तरच बोल्ट आवळा. स्टार्टर मारून बघू नका.

— टेन्शनर बेअरिंग फिरवून बघा दादा, खरखरलं तर तेही बदला.

धन्यवाद मंडळी. रंग म्हणून बायकोचं नेलपॉलिश चालेल ना?

— चालेल. विचारून घ्या.