शब्दांकडे कोण बघतं?

"लोक ठेक्यावर नाचतात, शब्दांकडे कोण बघतं?" हे गाण्यांबद्दलचं मत मला पटत नाही. न बघताच ते पाठ होतात, हेच घातक आहे. कित्येक गाण्यांत मुलगा मागे लागणार, मुलगी नाही म्हणणार आणि शेवटी लाजून हसणार. ध्रुवपदात हेच ऐकत वाढलेल्या मुलाला खरा नकारही लटका वाटू लागतो.

गातंय कोण, यानेही अर्थ फिरतो. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगच्या १९६५ च्या 'रिस्पेक्ट' (म्हणजे 'मान') या गाण्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. १९६७ मध्ये अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनने शब्द बदलून ती मागणी बाईच्या तोंडी दिली आणि ते स्त्री-चळवळीचं गाणं झालं. गायिका भरपूर आहेत हो, पण गीतकार, संगीतकार, निर्मात्या बायका किती?