मेर्सेदेस : दया की कृपा?

अनुवादवेडी: एक स्पॅनिश कथा मराठीत करतेय. त्यात आजी नातीला रागावते, तुझं नाव मेर्सेदेस आहे ना, मग नावासारखी वाग की. अर्थ पोचला नाही तर वाक्यच मेलं. मी 'दया' लिहिलं, मैत्रीण म्हणते साफ चूक, 'कृपा' हवं. वर वाचणाऱ्या प्रत्येकाला आधी गाडीच आठवतेय.

तळटीप: ताई, मैत्रिणीचं बरोबर आहे. मेर्सेद म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेलं काहीतरी, राजाचं इनामसुद्धा, आणि मेर्सेदेस त्याचं अनेकवचन. मुळात ते मेरीमातेचं बिरुद. 1218 मध्ये बार्सिलोनात तिच्या नावाने एक पंथ निघाला, मुसलमान राज्यांत कैद झालेल्या ख्रिश्चनांना खंडणी भरून सोडवणारा. दया नुसती वाटते, इथे पैसे मोजून माणूस सोडवलाय.

मोडीवाचक: त्याच्याही मागे जा ना. लॅटिनमध्ये मेर्केस म्हणजे चक्क मजुरी, मोबदला. इंग्रजीतला मर्सिनरी, भाडोत्री सैनिक, तिथलाच. कृपा वगैरे नंतर चढलेली. आणि माझं तर मत आहे की आपली मेहेरबानी पण याच घरातली.

तळटीप: नाही हो दादा, मेहेर फारसीतला, मिथ्र देवाच्या नावावरून, म्हणजे आपल्या वेदांतल्या मित्राचा भाऊबंद. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

मोडीवाचक: बरं मेहेर सोडला. मजुरी सोडणार नाही.

सरळसोट: मी म्हणतो सरळ मर्सिडीज लिहा, लोकांच्या तोंडात तेच बसलंय, उगाच मेर्सेदेस कशाला?

अनुवादवेडी: अहो पण मुलगी आहे ती! गाडीलाच मुलीचं नाव दिलंय, येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याची लेक, जन्म 1889 चा, आणि कंपनीने नाव नोंदवलं 1902 मध्ये. स्पेनच्या बऱ्याच भागात तर मेर्थेदेस म्हणतात, तेवढं मी सोडलंच की.

मांडवीकाठ: पोर्तुगीजमध्ये मेर्सेश. पणजीजवळची मेरशी आठवा, आमच्या तोंडात ते असं झालं. आणि खरी गंमत पुढे आहे, पोर्तुगीज 'व्होसे' म्हणजे तुम्ही, तो 'व्होसा मेर्से' झिजून झालाय, आणि स्पॅनिश 'उस्तेद' पण तसाच, 'व्हुएस्त्रा मेर्सेद' पासून. म्हणजे ती माणसं रोज एकमेकांना 'आपली कृपा' अशीच हाक मारतात, किती सुंदर आहे हे!

अनुवादवेडी: सुंदर आहे खरंच, पण रागावलेल्या आजीच्या तोंडी 'कृपा' जड होतंय हो, आणि 'उपकार' म्हटलं तर अर्थच फिरतो.

सरळसोट: मांडवीकाठ, मग आपला 'आपण' पण असाच कशावरून तरी झिजलाय का?

तळटीप: आत्मन् वरून. प्राकृतात अप्प होतं ना, तिथून.

मोडीवाचक: थांबा, 'आपण' वर मला बरंच बोलायचंय.